विश्लेषण : कॉमिक्सचा शत्रूच संग्राहकांचा वाटाड्या कसा ठरला? कोण होते डॉ. फ्रेड्रिक वर्थम?

अमेरिकेत जुनी कॉमिक्स जमवणाऱ्यांच्या जगात अंकाच्या वर्णनात ‘एसओटीआय’ ही चार अक्षरे दिसली, की त्या अंकाची मागणी वाढते. ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ या १९५४ मधील पुस्तकाच्या नावाचे हे लघुरूप. त्या अंकाचा उल्लेख किंवा त्यातले एखादे चित्र या पुस्तकात आहे, एवढाच त्याचा अर्थ. गंमत म्हणजे हे पुस्तक कॉमिक्सच्या विरोधात लिहिलेले आहे. त्याचे लेखक, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. फ्रेड्रिक वर्थम यांना कॉमिक्सप्रेमी आजही खलनायक मानतात. त्यांचे आयुष्य मात्र एवढ्या एका शब्दात बसत नाही.

हार्लेममधील तळघर

वर्थम यांचा जन्म १८९५ मध्ये जर्मनीत झाला. वैद्यकीय शिक्षण घेऊन १९२२ मध्ये ते अमेरिकेत आले. पुढे न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात काम करताना गुन्हेगारांची मानसिक तपासणी आणि न्यायालयात साक्ष देणे हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. १९४६ मध्ये त्यांनी हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, एका चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक सुरू केले. डॉक्टर विनामोबदला येत आणि फी होती अवघी २५ सेंट. कृष्णवर्णीयांना मानसोपचार मिळणे तेव्हा फार अवघड होते.

१९५१ मध्ये डेलावेअर राज्यातील शाळांमधल्या वर्णभेदाच्या खटल्यात वर्थम यांनी साक्ष दिली. वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, हे त्यांनी मुलांना तपासून मांडले. हाच खटला पुढे ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या गाजलेल्या प्रकरणात समाविष्ट झाला आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला.

मग कॉमिक्सवर राग का?

उपचारासाठी येणारी गुन्हेगारीकडे वळलेली मुले कॉमिक्स वाचतात, हे त्यांच्या लक्षात आले. खून, दरोडे, छळ यांची रंगीत चित्रे १० सेंटला मिळत होती. त्यातूनच मुले बिघडतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. यातली अडचण उघड आहे. त्या काळात जवळपास सगळीच अमेरिकन मुले कॉमिक्स वाचत होती, न बिघडलेलीही.

पण पालक आधीच धास्तावलेले होते. १९४८ मध्येच काही गावांत कॉमिक्सच्या होळ्या झाल्या होत्या. वर्थम यांची मागणी होती ती लहान मुलांना गुन्हेगारी कॉमिक्स विकण्यावर कायदेशीर बंदीची. १९५४ च्या एप्रिलमध्ये त्यांचे पुस्तक आले आणि २१ एप्रिलला त्यांनी सिनेटच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. त्याच दिवशी ‘ईसी’ कॉमिक्सचे प्रकाशक विल्यम गेन्स तिथे कापलेल्या मुंडक्याच्या मुखपृष्ठाचे समर्थन करताना अडखळले. वर्षअखेरीपर्यंत प्रकाशकांनी स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ लागू केला. गेन्स यांच्याकडे अखेर ‘मॅड’ तेवढे उरले. कितीतरी चित्रकारांचा रोजगार गेला. वर्थम यांना तो कोडही अपुराच वाटत होता.

ही लाट अमेरिकेपुरती राहिली नाही. १९५५ मध्ये ब्रिटनने आणि १९५६ मध्ये भारतानेही मुलांसाठी हानिकारक प्रकाशनांविरुद्ध कायदा केला.

निषेधाची यादी झाली खरेदीची यादी

युद्धकाळात रद्दी म्हणून गेलेले, आईवडिलांनी फेकलेले, होळीत जळलेले असे हे अंक दुर्मीळ झाले. छोट्या प्रकाशकांचे अंक तर कुणी जपलेच नव्हते. अशा वेळी कोणता अंक शोधायचा, हे सांगणारा दस्तऐवज होता वर्थम यांचे पुस्तक. त्यातल्या चित्रांखाली अंकांची नावे नव्हती, त्यामुळे चित्रावरून अंक ओळखणे हाच चाहत्यांचा छंद झाला. १९७० पासून निघणाऱ्या ओव्हरस्ट्रीट दरसूचीने अशा अंकांपुढे ती चार अक्षरे छापली.

डोळ्याजवळ सुई धरलेले चित्र असलेला १९४७ चा ‘ट्रू क्राइम कॉमिक्स’चा दुसरा अंक असाच प्रसिद्ध झाला. १९४८ चा ‘फँटम लेडी’चा १७ वा अंकही. त्याचे मुखपृष्ठ मॅट बेकर या कृष्णवर्णीय चित्रकाराचे मानले जाते. हार्लेममध्ये २५ सेंटमध्ये उपचार देणाऱ्या डॉक्टरने नेमके तेच चित्र वाईट नमुना म्हणून छापले होते.

कागदपत्रे उघडली तेव्हा...

१९८१ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी वर्थम यांचे निधन झाले. त्यांची कागदपत्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये होती. ती २०१० मध्ये खुली झाल्यावर इलिनॉय विद्यापीठाच्या कॅरल टिली यांनी मूळ नोंदी पुस्तकाशी ताडून पाहिल्या. मुलांची वये बदललेली, वेगवेगळ्या मुलांची बोलणी एकत्र केलेली आणि गुन्ह्यामागची इतर कारणे गाळलेली त्यांना आढळली. २०१२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. इंजिनीअरिंगच्या प्रॅक्टिकलला आधी ग्राफ काढून मग रीडिंग भरणारे आमच्यात बरेच होते; पण त्यातून कुणाची नोकरी गेली नव्हती.

आयुष्याच्या उत्तरार्धात वर्थम चाहत्यांनी स्वतः छापलेल्या छोट्या मासिकांच्या, म्हणजे फॅनझीनच्या प्रेमात पडले. १९७३ मध्ये त्यांनी त्यांचे कौतुक करणारे पुस्तकही लिहिले. त्यानंतर न्यूयॉर्कच्या कॉमिक्स संमेलनात ते गेले, तेव्हा चाहत्यांनी त्यांची हुर्यो उडवली. कॉमिक्सवर त्यांनी पुढे लिहिले नाही.

‘सिडक्शन’च्या शेवटी कॉमिक्स प्रकाशकांची यादी होती. ते पान प्रकाशकाने बहुतेक प्रतींमधून कापून काढले. ते शाबूत असलेली पहिल्या आवृत्तीची प्रत आज संग्राहक शोधत असतात.