सांगलीचा गेम मास्टर

नागपूरच्या उकाड्यात शनिवारी रात्री कूलर लावून आमच्या रूमवर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' रंगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत आणलेला हा खेळ. गेम मास्टर गोष्ट मांडतो, बाकीचे आपापल्या पात्राचं बोलतात, अडलं तिथे फासे टाकायचे. गेम मास्टर मी. पण माझे गुरू सांगलीचे : विष्णुदास भावे.

भाव्यांचा लाकडी बाहुल्या बनवण्यातही हातखंडा होता. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून राजे चिंतामणराव पटवर्धनांनी त्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ ला 'सीतास्वयंवर' झालं. त्यात संवाद लिहिलेलेच नव्हते! सूत्रधार पदांतून कथा पुढे न्यायचा, नट आपलं भाषण आयत्या वेळी करायचे. राक्षस तर आरडाओरडा करून दणाणून सोडायचे.

१८५१ मध्ये राजेसाहेब वारले, आश्रय गेला. भावे थांबले नाहीत. मंडळी घेऊन गावोगाव फिरले, १८५३ मध्ये मुंबईत खेळ केले. १९०१ मध्ये ते गेले. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन झाला.

आता फायनल इयरचे चार भिडू जाणार, म्हणून गेम बंद करू असं काहीजण म्हणतात. मी नाही म्हणतो. सांगाडा सूत्रधाराचा, शब्द खेळणाऱ्यांचे, हे भाव्यांकडून घेतलं आणि लाजरे ज्युनियरही बोलायला लागले. तेच आता मंडळी चालवतील. या शनिवारी, फासे आमचे!