शब्दांतून आलेले रंग : हेलन केलर यांच्या चरित्रातील एक वाङ्मयीन प्रश्न

हेलन केलर यांचे चरित्र आपल्याकडे बहुधा असामान्य जिद्दीची कथा म्हणून सांगितले जाते. ती कथा खोटी नाही. परंतु साहित्याच्या अभ्यासकाला त्या चरित्रात आणखी एक प्रश्न दडलेला आढळतो. ज्याने रंग पाहिलेला नाही त्याला तो शब्दांनी सांगता येतो काय? आणि शब्दांनी सांगितलेला रंग ऐकणाऱ्याच्या मालकीचा होतो, की सांगणाऱ्याचाच राहतो? हे प्रश्न केलर यांना वयाच्या अकराव्या वर्षी, एखाद्या आरोपीप्रमाणे, सोडवावे लागले.

त्यांचा जन्म 27 जून 1880 रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील टस्कंबिया या गावी झाला. फेब्रुवारी 1882 मध्ये, एकोणीस महिन्यांच्या असताना, एका आजाराने त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली. हिरवी शेते व आकाश यांच्या अंधूक स्मृती उरल्या असल्याचे त्यांनी पुढे लिहिले. पण त्या स्मृतींना नावे नव्हती. नावे मिळाली ती सातव्या वर्षी. 3 मार्च 1887 रोजी अ‍ॅन सलिव्हन या शिक्षिका बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेतून त्यांच्या घरी आल्या. स्वतः सलिव्हन यांची दृष्टीही बालपणातील नेत्ररोगाने अधू झालेली होती. तळहातावर बोटांनी एकेक अक्षर काढून त्या मुलीला शब्द शिकवू लागल्या. 5 एप्रिल रोजी पंपाच्या पाण्याची धार एका हातावर पडत असताना दुसऱ्या हातावर उमटणारी अक्षरे हे त्या पाण्याचेच नाव आहे, हे हेलनला उमगले. पाण्याच्या बाबतीत हातावर वस्तू होती आणि शब्दही होता. रंगाच्या बाबतीत मात्र हाती येत होता तो केवळ शब्द.

1891 च्या शरद ऋतूत टस्कंबियाजवळच्या डोंगरावर मुक्काम असताना सलिव्हन यांनी हेलनला झाडांच्या पालटत्या पानांचे वर्णन सांगितले. त्यानंतर हेलनने एक गोष्ट लिहिली. हिमराजाची रत्ने परी वाटेत विसरतात, ती सूर्याच्या उष्णतेने वितळतात, आणि त्यांचा रस लागून रानातील पाने सोनेरी व माणकासारखी लाल होतात, असे तिचे कथानक होते. ‘द फ्रॉस्ट किंग’ या नावाची ती गोष्ट हेलनने पर्किन्सचे संचालक मायकेल अनाग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठविली. ते हरखून गेले, आणि 1892 च्या प्रारंभी ती संस्थेशी संबंधित नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

थोड्याच दिवसांत असे दाखविण्यात आले की, मार्गारेट कॅन्बी या लेखिकेच्या ‘द फ्रॉस्ट फेअरीज’ या कथेशी तिचे साम्य केवळ कल्पनेपुरते नाही. वाक्येच्या वाक्ये जुळतात. पुढे उलगडा झाला तो असा : 1888 च्या उन्हाळ्यात सलिव्हन बाहेरगावी असताना एका स्नेही स्त्रीने ते पुस्तक हेलनच्या हातावर अक्षरे काढून वाचून दाखविले होते. हेलनला भाषा मिळून तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. गोष्ट ऐकल्याचे ती विसरली. शब्द मात्र राहिले, आणि तीन वर्षांनी ते तिला स्वतःचे वाटून वर आले.

पर्किन्समध्ये आठ जणांची चौकशी समिती बसली. त्यांपैकी चार अंध होते. सलिव्हन यांना बाहेर थांबवून अकरा वर्षांच्या मुलीची उलटतपासणी झाली. मते समसमान पडली आणि अनाग्नोस यांच्या निर्णायक मताने ती निर्दोष ठरली; परंतु पुढे त्यांचाही विश्वास उडाला. कॅन्बी यांनी मात्र तिच्याविषयी सहानुभूतीच दाखविली. यानंतर कित्येक वर्षे, साधे पत्र लिहितानासुद्धा, हे वाक्य आपले की वाचलेले, ही धास्ती केलर यांना ग्रासत असे. त्या कल्पित कथेकडे पुन्हा वळल्या नाहीत. आत्मकथन आणि वैचारिक निबंध हेच त्यांचे क्षेत्र झाले.

1903 मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यात हा प्रसंग त्यांनी स्वतःच सविस्तर सांगितला. 1904 मध्ये त्या रॅडक्लिफ महाविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. 1908 च्या ‘द वर्ल्ड आय लिव्ह इन’ या ग्रंथात त्यांनी रंगांविषयी आपली उपपत्ती मांडली. संत्रे आणि पपनस यांच्या वासांत जसा फरक असतो, तसाच दोन लाल छटांत असणार, असे अनुमान त्यांनी केले. येथे रंगाचा अनुभव आल्याचा दावा नाही. भेदांच्या एका व्यवस्थेवरून दुसरीकडे जाणारे ते उपमान आहे.

टीका थांबली नाही. बालपणीच अंध झालेले फ्रेंच विद्वान प्येर व्हिले यांनी 1914 मध्ये केलर यांच्या वर्णनांना शब्दांचा भुलावा मानले. माँतेन्यच्या निबंधांमागील उसने आधार शोधण्यात याच व्हिले यांनी मोठे कार्य केले होते, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे. 1933 मध्ये टॉमस कट्सफर्थ या अंध मानसशास्त्रज्ञाने, अनुभव नसलेले दृश्य शब्द वापरायला लावणारे शिक्षण अंध मुलाला त्याच्या खऱ्या जगापासून तोडते, असा आक्षेप घेतला. हा आक्षेप हलका नाही. डोळसांच्या कौतुकासाठी बोलायला शिकलेले मूल स्वतःचे स्पर्श आणि गंध दुय्यम मानू लागते, ही भीती रास्तच होती.

तथापि आपल्या परंपरेत या प्रश्नाकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त प्रतिभेचे सामर्थ्य सांगताना, न पाहिलेले पदार्थही प्रतिभावंताला प्रत्यक्षासारखे भासतात असे म्हटले, आणि दाखला म्हणून मेधाविरुद्र व कुमारदास हे जन्मांध कवी असल्याची परंपरा नोंदविली. त्याच ग्रंथात परक्या शब्दार्थांच्या हरणाचे प्रकार तो बारकाईने वर्गीकृत करतो, आणि चौर्यापासून सर्वस्वी मुक्त असा कवीच नाही हेही मान्य करतो. अदृष्टाचे वर्णन आणि परकीय शब्दांचे हरण हे दोन विषय एकाच ग्रंथात यावेत आणि केलर यांच्या एकाच कथेत एकत्र यावेत, हे निव्वळ योगायोगाचे वाटत नाही. जे पाहिले नाही ते ऐकलेल्या शब्दांतूनच उभे राहते. मग ऐकलेले आणि आपले यांतील सीमा कवीलाही नेहमी सापडतेच असे नाही. भेद इतकाच की, डोळस लेखकाकडे हा हिशेब कोणी मागत नाही.

2021 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधनाने या वादात भर घातली. एखाद्या वस्तूचा नेमका रंग कोणता, यावर जन्मांधांचे डोळसांइतके एकमत नव्हते. परंतु एका जातीच्या फळांचा रंग सारखा का असतो आणि माणसाने केलेल्या वस्तूंचा का बदलतो, याची समज दोघांची बव्हंशी सारखीच आढळली. म्हणजे शब्दांतून रंगाची संवेदना पोचत नसली, तरी रंगाचे ज्ञान पोचते.

सलिव्हन यांचे 1936 मध्ये निधन झाले. केलर यांनी पुढे देशोदेशी अंधांच्या शिक्षणासाठी प्रवास केला; 1955 मध्ये त्या भारतातही आल्या होत्या. 1 जून 1968 रोजी कनेक्टिकटमध्ये त्यांचा देहान्त झाला. चौदा ग्रंथांच्या आसपास लेखन करणाऱ्या या लेखिकेची ती पहिली गोष्ट मात्र अद्यापही बहुधा वाङ्मयचौर्याचे उदाहरण म्हणूनच उल्लेखिली जाते. एका अंध मुलीने शब्दांतून रंग कसा उभा केला याचा आरंभीचा पुरावा म्हणून ती वाचली जावी, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.