मोझार्ट व त्याची बहीण

साल्झबर्ग हे शहर आज आस्ट्रिया देशात मोडते. परंतु अठराव्या शतकात ते एक निराळे संस्थान होते व तेथे आर्चबिशपाचे राज्य चाले. त्याच्या दरबारी वादकांच्या ताफ्यात लिओपोल्ड मोझार्ट नावाचा एक गृहस्थ फिडल वाजवीत असे. आउग्सबर्ग येथील एका पुस्तके बांधणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. स्वतःच्या हिमतीवर शिकून तो वर आला होता, आणि फिडल शिकविण्याविषयीचा त्याचा ग्रंथ १७५६ साली छापून निघाल्यावर पुष्कळ देशांत वाचला गेला. त्यास सात मुले झाली. पैकी पाच तान्हेपणीच गेली व दोन उरली. थोरली मारिया आन्ना, जिला घरी नानेर्ल म्हणत, ती ३० जुलै १७५१ रोजी जन्मली; धाकटा वोल्फगांग २७ जानेवारी १७५६ रोजी जन्मला. धाकट्याचे नाव सर्व जगास ठाऊक झाले. त्याचे चरित्र बहुधा चमत्काराप्रमाणे सांगण्यात येते, आणि तसे सांगितले की त्या घरातले श्रम व ती बहीण ही दोन्ही दृष्टीआड होतात. म्हणून येथे बालपणाच्या हकिकतीस अधिक जागा देऊन पुढील आयुष्याविषयी थोडकेच लिहावे, असे योजिले आहे.

शिक्षणास आरंभ झाला तो मुलीपासून. नानेर्ल सात-आठ वर्षांची असता, १७५९ साली, बापाने तिच्यासाठी एक वही तयार केली. आपल्या पेटीस असतात तशाच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे, पण आत भात्याऐवजी तारा असलेले, क्लेव्हिअर नावाचे वाद्य त्या वेळी घरोघरी असे. त्यावर वाजवावयाच्या लहान लहान रचना सोप्यापासून कठीण अशा क्रमाने त्याने वहीत उतरून दिल्या. बहीण धडा घेत असता तीन वर्षांचा वोल्फगांग जवळ येऊन बसे आणि कानास गोड लागतील अशा दोन-दोन पट्ट्या शोधून दाबीत राही. चौथ्या वर्षी बापाने त्यासही त्याच वहीतून शिकविण्यास घेतले. कोणती रचना कोणत्या दिवशी आली हे लिओपोल्ड वहीतच लिहून ठेवी. एका रचनेखाली अशी नोंद आहे की, ती वोल्फगांग २४ जानेवारी १७६१ रोजी, पाचवा वाढदिवस तीन दिवसांवर असता, रात्री नऊ ते साडेनऊच्या दरम्यान शिकला. त्या वयाचे मूल त्या वेळी अंथरुणात असावयास हवे होते, असे प्रस्तुत लेखकास वाटल्यावाचून राहत नाही. परंतु मूल स्वतःच उठावयास तयार नसे, हेही तितकेच खरे.

ही दोन्ही मुले शाळेत कधीच गेली नाहीत. वाचन, लेखन, हिशेब, परभाषा हे सर्व बापाने घरीच शिकविले. घरी येणाऱ्या एका स्नेह्याने पुढे लिहून ठेवले आहे की, वोल्फगांग अंकगणित शिकू लागला तेव्हा टेबल, खुर्ची, भिंती आणि जमीनसुद्धा त्याने खडूच्या आकड्यांनी भरून टाकली. जे हाती घेई त्यात तो असा बुडून जाई. त्याच स्नेह्याने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. दहा वर्षांचा होईपर्यंत ह्या मुलास तुतारीच्या आवाजाची फार भीती वाटे. ती भीती मोडावी म्हणून बापाने एकदा त्याच्यासमोर तुतारी वाजविण्यास सांगितले. आवाज ऐकताच मुलगा पांढराफटक पडला आणि वाजविणारा थांबला नसता तर मूर्च्छित झाला असता. इतक्या नाजूक कानाचे हे मूल होते.

१७६२ साली लिओपोल्डने मुलांस घेऊन प्रवास सुरू केला. प्रथम म्युनिक, नंतर व्हिएन्ना. १३ ऑक्टोबर १७६२ रोजी शोनब्रुन येथील राजवाड्यात सम्राज्ञी मारिया तेरेझा हिच्यापुढे दोघांनी वादन केले. सम्राज्ञीने प्रसन्न होऊन पैसे दिले व राजपुत्र-राजकन्यांच्या अंगावरील भरजरी पोशाख दोघांस पाठविले. त्या पोशाखातील दोघांची चित्रे अद्याप आहेत. दरबारी कोट घालून उभा असलेला सहा वर्षांचा पोरगा मोठ्या माणसाची लहान प्रतिकृती दिसतो. त्याच महिन्यात तो तापाने अंथरुणास खिळला.

९ जून १७६३ रोजी सर्व कुटुंब मोठ्या प्रवासास निघाले, ते २९ नोव्हेंबर १७६६ रोजी घरी परतले. साडेतीन वर्षे घोडागाडीत, खाणावळींत आणि परक्यांच्या दिवाणखान्यांत गेली. पॅरिस, लंडन, हेग, आमस्टरडाम, जिनिव्हा, जेथे राजा किंवा सरदार असेल तेथे मुले वाजवीत. लंडनात ते १७६४ च्या एप्रिलात पोहोचले व लौकरच राजा तिसरा जॉर्ज ह्याच्यापुढे वादन झाले. त्या शहरात थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख ह्याचा धाकटा मुलगा योहान ख्रिश्चन राहत असे. त्याचा ह्या मुलावर जीव जडला आणि त्याच्यापासून मुलास जे मिळाले ते जन्मभर पुरले. बाप आजारी पडून घरात वाद्य वाजविण्याची मनाई झाली तेव्हा आठ वर्षांच्या वोल्फगांगाने अनेक वाद्यांची मिळून होणारी, जिला सिंफनी म्हणतात अशी, आपली पहिली रचना लिहिली. नानेर्ल शेजारी बसून लिहून घेण्यास मदत करी.

लंडनातील ह्या जलशांची एक बाजू मात्र सांगितली पाहिजे. वर्तमानपत्रांतील जाहिरातींत मुलांचे वय खऱ्याहून कमी छापले जाई, कारण मूल जितके लहान तितकी गर्दी मोठी. नवलाई ओसरू लागल्यावर १७६५ च्या उन्हाळ्यात एका खाणावळीच्या मोठ्या खोलीत रोज दुपारी बारापासून तीनपर्यंत, माणशी अडीच शिलिंग घेऊन, मुलांस वाजविण्यास बसवीत. पट्ट्यांवर रुमाल झाकून वाजविण्याचा खेळही त्यात असे. आपल्या गावांतही गोड गळ्याचा एखादा मुलगा निघाला की त्यास स्टुलावर उभे करून रात्री बारा वाजेपर्यंत गावयास लावणारी वडील माणसे आहेत. तेव्हा लिओपोल्डास दोष देताना जपूनच द्यावा.

त्याच साली डेन्स बॅरिंग्टन नावाच्या एका विद्वानाने मुलाची परीक्षा घेतली. मुलाने पूर्वी न पाहिलेली पाच ओळींची हस्तलिखित रचना त्याने पुढे ठेवली. ती मुलाने पाहताक्षणी वाजविली व गायिली, आणि खालचा आवाज गाताना बाप चुकला तेव्हा नापसंतीने मागे वळून पाहिले. नंतर संतापाचे गीत रचून दाखव म्हणताच तो इतका आवेशात आला की खुर्चीवर उठून उठून पट्ट्यांवर प्रहार करू लागला. बॅरिंग्टन ह्यास संशय होता की वय लपविले असेल. तेवढ्यात एक मांजर खोलीत आले, आणि मुलगा वाद्य सोडून त्याच्या मागे गेला तो लौकर परत येईना. कधी काठीचा घोडा करून खोलीभर धावे. तरीही बॅरिंग्टनने साल्झबर्गहून जन्माच्या नोंदीची नक्कल मागविली व खात्री झाल्यावरच आपला लेख विद्वानांच्या सभेपुढे ठेवला.

परतीच्या वाटेवर हेग येथे मुले मरणाच्या दारी पोहोचली. १७६५ च्या शरदऋतूत नानेर्ल विषमज्वराने इतकी खंगली की २१ ऑक्टोबर रोजी धर्मगुरूस बोलावून मरणसमयीचे विधी करण्यात आले. ती उठून बसते तोच वोल्फगांग पडला. बरा झाल्यावर १७६६ च्या जानेवारीत पुन्हा जलसा झालाच. दोन वर्षांनी त्याहून मोठा प्रसंग आला. १७६७ साली ते व्हिएन्नात असता शहरात देवीची साथ पसरली व खुद्द एक राजकन्या दगावली. लिओपोल्ड मुलांस घेऊन ओलोमोत्स शहरी पळाला, पण रोग बरोबर आला. नऊ दिवस मुलाच्या डोळ्यांस काही दिसेना. तेथील एका दयाळू सरदाराने, जो मोठ्या देवळाचा प्रमुख होता, रोगी मुले आपल्या घरात घेतली, आणि दोघेही वाचली. पॅरिस येथे १७६४ साली लोकांनी लिओपोल्डास मुलांस देवी टोचून घेण्याचा आग्रह केला होता. त्याने तो न मानता सर्व देवावर सोपविले. त्या काळची टोचणी खऱ्या देवीच्या लशीची व धोक्याची असे, जेन्नरची सौम्य लस १७९६ साली निघाली, ही गोष्ट त्याच्या बाजूने सांगता येईल. परंतु ज्याने टोचणी नाकारली त्यानेच मुलांस राजधान्यांच्या गर्दीतून फिरविले, आणि ह्या दोहोंचा मेळ बसत नाही.

१७६९ च्या डिसेंबरात इटलीस जाण्याचे ठरले तेव्हा गाडीत दोघेच बसले, बाप आणि मुलगा. नानेर्ल अठरा वर्षांची झाली होती. लंडनात जिचे नाव भावाच्या बरोबरीने छापले जाई ती आता उपवर झालेली मुलगी, आणि तशा मुलीने परक्या देशी जलसे करावेत अशी त्या काळची रीत नव्हती. शिवाय लहान मूल म्हणून तिची नवलाईही राहिली नव्हती. ती आईबरोबर घरी राहिली. १७७० साली तिने रचलेले एक गीत भावाकडे पाठविले तेव्हा त्याने आश्चर्य व्यक्त करून आणखी पाठविण्यास कळविले. तिची एकही रचना आज उपलब्ध नाही.

इटलीत मुलाचा फार गौरव झाला. पोपानेही त्यास एक पदवी दिली. बोलोन्या शहरात संगीतज्ञांचे एक जुने मंडळ होते व त्याचा सभासद होण्यास वीस वर्षांचे वय लागे. ९ ऑक्टोबर १७७० रोजी चौदा वर्षांच्या वोल्फगांगास परीक्षेसाठी एकट्यास खोलीत बंद करण्यात आले. दिलेल्या एका जुन्या सुरावटीवर कडक नियमांनी आणखी तीन आवाज रचावयाचे होते. त्या गीताचे शब्द मत्तयाच्या ६ व्या अध्यायातील, देवाचे राज्य पहिल्याने मिळविण्याविषयीचे होते. तासाच्या आत त्याने काम पुरे केले व तो सभासद झाला. कागद जपून ठेवलेले असल्यामुळे पुढील गोष्टही उघड झाली आहे: मुलाच्या रचनेत जुन्या नियमांविरुद्ध बरेच काही होते, आणि वृद्ध गुरू मार्तिनी ह्याने ती सुधारून दिली. बापाच्या पत्रात मदतीचा उल्लेख नाही, विजयाचाच आहे.

मिलान येथे २६ डिसेंबर १७७० रोजी त्याचे मोठे संगीत नाटक झाले व लोकांस अतिशय आवडले. पुढल्या वर्षी दुसरे झाले. तेथील राजपुत्राच्या मनात आले की ह्या तरुणास कायमची नोकरी द्यावी. त्याने आईचा सल्ला विचारला. ही आई म्हणजे तीच मारिया तेरेझा, जिने नऊ वर्षांपूर्वी पोशाख पाठविले होते. तिने डिसेंबर १७७१ मध्ये उत्तर लिहिले की असल्या निरुपयोगी माणसांचा भार घेऊ नये. ते जगभर भिकाऱ्यांसारखे हिंडतात. नोकरी मिळाली नाही. ह्या पत्राची वार्ता मोझार्ट घराण्यास लागली नसावी. लहान मुलाचे कौतुक करणे राजांस फुकट पडते. तरुणास पोटास देणे महाग पडते.

पुढील हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. १७७८ साली पॅरिस येथे नोकरी शोधीत असता आई त्याच्याजवळ वारली. १७८१ साली आर्चबिशपाच्या चाकरीतून तो बाहेर पडला, व त्याच साली २४ डिसेंबर रोजी सम्राट जोसेफ ह्याने त्याची व इटलीचा नामांकित वादक क्लेमेंटी ह्याची आपल्यापुढे चढाओढ लाविली. निकाल बरोबरीचा मानण्यात आला. १७८२ त लग्न, सहा मुले व त्यांतील दोनच जगलेली, कधी पैसा तर कधी कर्ज, आणि ह्या सर्वांत एकामागून एक अशा रचना की ज्या अद्याप जगभर वाजविल्या जातात. ५ डिसेंबर १७९१ रोजी पस्तिसाव्या वर्षी तो मरण पावला. मृतांसाठी गावयाच्या प्रार्थनांची रचना तो करीत होता, ती अपुरीच राहिली.

नानेर्लचे लग्न १७८४ साली संक्ट गिल्गेन येथील एका अधिकाऱ्याशी झाले. तो दोनदा विधुर झालेला व पाच मुलांचा बाप होता. १७८५ साली तिला पहिला मुलगा झाला, त्याचे नाव आजोबाचेच, लिओपोल्ड, ठेविले. आजोबाने ते तान्हे मूल साल्झबर्गास आपल्याजवळ ठेवून घेतले. काही चरित्रकार म्हणतात की त्यास दुसरा वोल्फगांग घडवावयाचा होता. १७८७ च्या मे महिन्यात आजोबा वारला, तेव्हा मूल आईकडे परत गेले.

१८०१ साली पती निवर्तल्यावर ती साल्झबर्गास येऊन राहिली व मुलांस क्लेव्हिअर शिकवू लागली. भावाच्या बालपणाविषयी आज जे ठाऊक आहे त्यातील पुष्कळ भाग तिने दिलेल्या माहितीवर उभा आहे. अखेरच्या वर्षांत तिची दृष्टी गेली. २९ ऑक्टोबर १८२९ रोजी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती वारली, आणि तिला तेथील संत पेत्राच्या कबरस्थानात पुरण्यात आले. तिच्या बापाने १७५९ साली तिच्यासाठी केलेल्या वहीची काही पाने हरवली आहेत. उरलेली साल्झबर्ग येथे जपून ठेविली आहेत, आणि मुखपृष्ठावर नाव तिचेच आहे.