एडविन राजा व त्याचे नाव

आमच्या परभणीकडील खेड्यांत बाप्तिस्म्याचा दिवस जवळ आला की, मुलाचे नाव काय ठेवावे हा प्रश्न निघतो. एडविनसारखे नाव ठेवले म्हणजे ते ख्रिस्ती झाले, असे कित्येकांस वाटते. याकरिता ज्या राजामुळे हे नाव प्रसिद्धीस आले, त्याचे चरित्र आम्ही थोडक्यात देत आहो.

हे नाव पवित्र शास्त्रातील नव्हे. इंग्लंडातील प्राचीन अँग्लो-सॅक्सन भाषेत ‘एड’ म्हणजे संपत्ती अथवा भाग्य, व ‘विने’ म्हणजे मित्र. मिळून एडविन म्हणजे भाग्याचा सखा. तेथील लोक मूर्तिपूजक होते तेव्हापासूनच असे दोन शब्द जोडून मुलांची नावे ठेवीत.

एडविन हा उत्तर इंग्लंडातील एला राजाचा पुत्र. नाव भाग्याचे, पण तारुण्य वनवासात गेले. एथेलफ्रिथ राजाने त्याच्या घराण्याचे राज्य बळकावले. पुढे रेडवाल्ड राजाने त्यास आश्रय दिला, तेव्हा एथेलफ्रिथाने द्रव्य देऊ करून एडविनाचा वध करण्याविषयी सांगून पाठविले. रेडवाल्डाचे मन डळमळले. परंतु त्याच्या राणीने शरणागताचा घात होऊ दिला नाही. इ. स. 616 त एथेलफ्रिथ लढाईत पडला व एडविन नॉर्थम्ब्रियाचा राजा झाला.

पुढे त्याने केंटची ख्रिस्ती राजकन्या एथेलबर्ग हिच्याशी लग्न केले. तिच्याबरोबर पॉलिनस नावाचा बिशप आला. सन 626 च्या ईस्टरच्या दिवशी मारेकऱ्याने राजावर विषारी खंजीर उगारला. तेव्हा लिला नामक सेवकाने मध्ये पडून स्वतःचा प्राण दिला. त्याच रात्री राणीस कन्या झाली, व तिचा बाप्तिस्मा करण्यास राजाने संमती दिली. स्वतः मात्र त्याने घाई केली नाही. पुष्कळ दिवस एकांतात विचार केला, सरदारांची सभा भरवून त्यांचे मत घेतले, आणि मग सन 627 च्या ईस्टरला यॉर्क येथील लाकडी देवळात बाप्तिस्मा घेतला. सन 633 त तो रणांगणी पडला.

बाप्तिस्म्यानंतरही तो एडविनच राहिला. पूर्वजांच्या भाषेतले नाव त्यास टाकावे लागले नाही. आमच्या महाराष्ट्रात सन 1895 त मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड टिळक अखेरपर्यंत नारायण वामनच राहिले. म्हणून वाचकहो, एडविन हे नाव आवडल्यास खुशाल ठेवा. पण आजीच्या तोंडी सहज बसणारे नाव ठेवल्याने मुलाचा बाप्तिस्मा तिळमात्र उणा होत नाही.