यंत्रशिल्पी जेम्स नास्मिथ

हातात कानस घेऊन एखादे लहानसे यंत्र घडवीत बसलेला मुलगा दृष्टीस पडला, म्हणजे पुष्कळ आईबापांना वाटते की, पोर खेळात वेळ दवडीत आहे. आणि तोच पुस्तक उघडून बसला, म्हणजे त्यांच्या मनाचे समाधान होते. हे मत सर्वस्वी चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या पुरुषाचे चरित्र आम्ही आज वाचकांस सादर करीत आहोत, त्याच्या भाग्याचे दार अशाच एका लहानशा यंत्राने उघडले; आणि उतारवयात स्वतःच्या हातांनी केलेल्या अशाच एका सुबक प्रतिकृतीने त्यास चकविलेही. या दोन्ही गोष्टी विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत.

जेम्स नास्मिथ याचा जन्म स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे १९ ऑगस्ट १८०८ रोजी झाला. त्याचे वडील अलेक्झांडर नास्मिथ हे नामांकित चित्रकार होते. रॉबर्ट बर्न्स या कवीचे जे चित्र सर्वत्र प्रसिद्ध आहे, ते त्यांच्याच कुंचल्यातून उतरलेले होय. त्यांना यंत्रकामाचाही मोठा नाद असून घरातच त्यांनी आपल्यापुरता एक कारखाना थाटला होता. तेथे लेथ, कानशी, हातोडे वगैरे सामग्री असे, आणि जेम्सला ती वापरण्यास कधी मनाई झाली नाही. शाळेतील अध्ययनात मात्र त्याचे मन फारसे रमले नाही व बाराव्या वर्षीच त्याने हायस्कूल सोडले. एका सोबत्याच्या वडिलांची लोखंडाची ओतशाळा होती. सुटी मिळाली की तो तेथे जाऊन कारागिरांचे काम तासन्‌तास पाहत उभा राही. पुढे त्याने चित्रकलाही चांगली हस्तगत केली. जे यंत्र करावयाचे, ते आधी कागदावर नीट रेखाटावयाचे, ही सवय त्यास वडिलांपासून लागली.

सतराव्या वर्षाच्या सुमारास त्याने वाफेवर चालणारे एक लहानसे यंत्र तयार केले आणि त्यास वडिलांचे तैलरंग घोटण्याच्या कामी लाविले. पितळेचे भाग ओतण्यासाठी वेगळी जागा नव्हती. म्हणून निजावयाच्या खोलीतील शेगडीवरच तो मूस ठेवीत असे. खालच्या खोलीत वडील झोपत. साच्यातील वाळू ठोकताना त्यांची झोप मोडू नये म्हणून साच्याखाली तो जाड गालिच्याचा तुकडा अंथरी.

अशी प्रतिकृती करणे हे वाटते तितके सोपे नाही. मोठ्या यंत्राची सर्व मापे दशांश केली, तर त्याच्या पृष्ठांचे क्षेत्रफळ शतांश होते आणि आतील घनफळ तर सहस्रांशच उरते. म्हणजे वाफ फारच थोडी, आणि ती थंड करणारा पृष्ठभाग त्या मानाने दसपट अधिक! सांध्यातून वाफ किंचित निसटली, दट्ट्या नळकांड्यात जरासा अडखळला, की लहान यंत्र जागीच थांबते. मोठ्या यंत्रात जी चूक खपून जाते, ती लहान यंत्रात खपत नाही. बाहेरून रंग देऊन शोभिवंत केलेले यंत्र आणि खरोखर चालणारे यंत्र यांतील भेद नास्मिथ अशा रीतीने कोवळ्या वयातच शिकला.

त्या काळी एडिंबरो येथे कारागिरांच्या शिक्षणासाठी १८२१ मध्ये स्थापन झालेली स्कूल ऑफ आर्ट्स ही संस्था होती. वाफेच्या यंत्राच्या आत काय चालते, हे विद्यार्थ्यांस दाखविण्यासाठी नास्मिथने तिला एक प्रतिकृती करून दिली. तिची बाजू कापलेली असल्यामुळे दट्ट्या व झडपा यांची हालचाल बसल्या जागेवरून दिसे. या कामाचे त्यास दहा पौंड मिळाले. ही मिळकत त्याने चैनीत न घालविता विश्वविद्यालयातील वर्गांच्या फीकडे लाविली. हाताने केलेल्या कामावर बुद्धीचे शिक्षण विकत घेणारा हा विद्यार्थी आम्हांस तरी फार आदरणीय वाटतो.

परंतु त्याची खरी आकांक्षा निराळी होती. लंडन शहरी लॅम्बेथ भागात हेन्री मॉडस्ले यांचा यंत्रांचा कारखाना होता. स्क्रूचे आटे अचूक कापणारा लेथ प्रचारात आणून या थोर गृहस्थांनी यंत्रविद्येत सूक्ष्म मोजमापाचे युग सुरू केले होते. त्यांच्या हाताखाली शिकावे, एवढीच जेम्सची इच्छा होती. पण उमेदवारीसाठी मोठी फी भरण्याचे सामर्थ्य वडिलांच्या अंगी नव्हते. १८२९ मध्ये पितापुत्र गलबतातून लंडनला आले. जेम्सच्या सामानात त्याने स्वतः केलेले एक वाफेचे यंत्र आणि काही रेखाचित्रे होती. मॉडस्ले साहेबांनी सौजन्याने स्वागत केले. परंतु फी भरून आलेल्या उमेदवारांचा त्यांस वाईट अनुभव आला होता, म्हणून यापुढे कोणासही घ्यावयाचे नाही असा आपला निश्चय त्यांनी सांगितला. जेम्सचे अवसान गळाले. कारखाना पाहत असताना एक मनुष्य भट्टीतील राख काढीत होता, त्याकडे बोट करून आपण तेही काम आनंदाने करू, असे तो बोलून गेला. साहेबांस हे आवडले. त्यांनी त्याने केलेले काम पाहावयास मागितले.

यंत्र व चित्रे आणून दिल्यावर मॉडस्ले आणि त्यांचे भागीदार फील्ड यांनी ती आत नेऊन तपासली. बाहेर तो मुलगा वाट पाहत उभा होता. त्याचे वय वीस, हातात पैसा नाही, शिफारसही संपलेली. काय बोलावयाचे ते आता त्या लहानशा यंत्रानेच बोलावयाचे होते! वीसेक मिनिटांनी मॉडस्ले साहेब बाहेर आले. या मुलास उमेदवारी करण्याचे कारणच उरले नाही, असा त्यांचा निर्णय झाला होता. त्यांनी त्यास आपल्या खाजगी कार्यशाळेत थेट मदतनीस म्हणून घेतले. आठवड्याचे वेतन दहा शिलिंग ठरले. एवढ्यात भागावे म्हणून नास्मिथने दिव्याच्या मंद आचेवर आपोआप शिजणारे पत्र्याचे भांडे स्वतः तयार करविले. सकाळी दिवा लावून जावे, आणि सायंकाळी परतल्यावर ऊन जेवण तयार असावे!

येथेही त्याच्या वाट्यास प्रतिकृतीचेच काम आले. दोनशे अश्वशक्तीच्या जहाजी यंत्रांची एक बारकाईची प्रतिकृती पुरी करावयाची होती. तीत लहान लहान षट्कोनी नट पुष्कळ लागत. प्रत्येकाच्या सहा बाजू कानशीने सारख्या घासताना हात भरून येई, आणि तरी एखादी बाजू तिरकी पडे. तेव्हा नास्मिथने युक्ती काढली. नट एका दांड्यावर बसवावा. दांड्याला सहा समान भाग पाडलेली तबकडी असावी. फिरते पाते एक बाजू कापील, मग तबकडी एक घर फिरवावी, की पुढील बाजू आपोआप समोर येईल. प्रतिकृतीच्या सफाईसाठी काढलेली ही युक्ती पुढे मोठ्या नटांसाठी कारखान्यातही उपयोगी पडली. लहान कामात आळस न करणाऱ्यास मोठे काम असे सापडते.

१८३१ मध्ये मॉडस्ले वारले. त्यानंतर नास्मिथने १८३४ मध्ये मँचेस्टर येथे एका जुन्या गिरणीच्या मजल्यावर आपला धंदा मांडला. यंत्रे इतकी अवजड होऊ लागली की, एकदा एका यंत्राची तुळई जमीन फोडून खालच्या काचकामवाल्याकडे उतरली! मग १८३६ मध्ये जवळच पॅट्रिक्रॉफ्ट येथे कालव्याकाठी त्याने स्वतंत्र कारखाना बांधला. १८३९ मध्ये ग्रेट ब्रिटन नावाच्या प्रचंड आगबोटीसाठी सुमारे तीस इंच व्यासाचा लोखंडी दांडा हवा होता. जुन्या घणांचा दोष असा की, काम जितके जाड, तितकी घणाला पडावयास जागा कमी. म्हणजे जेथे जोर अधिक हवा, तेथेच तो उणा पडे. नास्मिथने घण वाफेच्या दट्ट्यालाच टांगला व सरळ वर उचलून खाली सोडण्याची योजना कागदावर उतरविली. बोटीला पुढे मळसूत्री पंखा बसविल्यामुळे तो दांडा लागलाच नाही. १८४२ मध्ये फ्रान्सातील क्रूझो येथे गेला असता तसाच घण चालू असलेला त्याने पाहिला. त्याची चित्रवही तेथील लोकांनी पाहिली होती. श्रेयाविषयी वाद झाला. परंतु नास्मिथने त्याच वर्षी पेटंट घेतले आणि त्याचे घण देशोदेशी गेले. टनावारी वजनाचा हा घण इतका कह्यात राही की, पेल्यात ठेवलेले अंडे त्याने फोडावे आणि पेला मात्र शाबूत राहावा.

१८५६ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्याने धंद्यातून निवृत्ती घेतली व केंट परगण्यात राहून आकाशाच्या अवलोकनास अधिक वेळ दिला. वीस इंचांच्या आरशाची दुर्बीण त्याने स्वतः घडविली होती. चंद्रावरील डोंगर व खळगे पाहून त्यांची चित्रे काढावी, त्यांवरून प्लास्टरच्या प्रतिकृती कराव्या, आणि त्या तिरप्या उन्हात ठेवून त्यांची छायाचित्रे घ्यावी, असा उद्योग त्याने अनेक वर्षे केला. १८७४ मध्ये ज्योतिषी कार्पेंटर याच्या सहकार्याने ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ती पाहणारास वाटे की, आपण चंद्रावरच उभे आहोत.

परंतु चंद्रावरील गोल खळगे ज्वालामुखींनी झाले, असे त्याचे मत होते. ते बहुतांशी अवकाशातून आदळलेल्या पाषाणांनी झाले, हे आज आपणांस ठाऊक आहे. आणि १९६९ पासून मनुष्ये तेथे उतरली, तेव्हा त्याच्या प्रतिकृतींतील सुळक्यांपेक्षा तेथील डोंगर पुष्कळच सौम्य उताराचे दिसले. हात तोच, डोळा तोच, कौशल्यही तेच. मग असे का व्हावे? वाफेच्या यंत्रास वाफ सोडली, की ते चालून किंवा थांबून आपल्या कर्त्याची चूक त्यास सांगे. प्लास्टरचा चंद्र मात्र काहीच सांगत नव्हता. तो केवळ सुंदर दिसत होता.

७ मे १८९० रोजी लंडन येथे नास्मिथ निधन पावला. विद्यार्थीमित्रहो, प्रतिकृती अवश्य करा, आणि आईबापांनी ती करू द्यावी. मात्र ती पुरी झाली म्हणजे केवळ कौतुक करून घेऊ नका. जेथे वाफ सोडून पाहता येईल, तेथे ती सोडून पाहा. आणि जेथे तशी सोय नसेल, तेथे आपल्या हातच्या सुबक कामावरही थोडा अविश्वास ठेवा.