निजामाच्या पैशानं क्लोरोफॉर्मचा वाद मिटवायला निघालेला हैदराबादचा सर्जन

आज ऑपरेशन थिएटरमध्ये भूल दिलेल्या रुग्णाचा श्वास, नाडी आणि रक्तदाब, तिन्हीवर एकाच वेळी नजर असते. पण एक काळ असा होता की, श्वास बघायचा की नाडी, यावरून डॉक्टरांमध्ये कडाक्याचं भांडण होतं. या भांडणात हैदराबादचं नाव जगभर नेणारा माणूस म्हणजे सर्जन एडवर्ड लॉरी.

झालं असं की, १८४७ मध्ये एडिनबर्गच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्मची भूल द्यायला सुरुवात केली. पुढच्याच जानेवारीत हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या नखाच्या साध्या ऑपरेशनवेळी दगावली. असे मृत्यू वाढत गेले. लंडनचे डॉक्टर म्हणायचे, हृदय बंद पडतं, नाडी बघा. एडिनबर्गचे म्हणायचे, आधी श्वास थांबतो, श्वास बघा.

लॉरी एडिनबर्गच्या सर्जन साईम यांचे शिष्य. १८८५ मध्ये ते हैदराबादला आले. आजचा मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता. तिथल्या मेडिकल स्कूलची सूत्रं हाती आल्यावर त्यांनी मुलींनाही दारं उघडली. त्यातल्याच एक रुपाबाई फर्दुनजी. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

वाद कायमचा मिटवायचा म्हणून लॉरींनी १८८८ मध्ये पहिलं क्लोरोफॉर्म कमिशन बसवलं. शंभराहून जास्त कुत्र्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला की आधी श्वास थांबतो. लंडनच्या लॅन्सेटला ते पटेना. मग सहावे निजाम महबूब अली खान यांनी १००० पौंड देऊ केले आणि लॅन्सेटनं लॉडर ब्रंटन यांना हैदराबादला धाडलं.

१८८९ च्या दुसऱ्या कमिशननं कुत्रे, माकडं, शेळ्या, घोडे अशा चारशेहून जास्त जनावरांना भूल दिली. अनेकांच्या धमनीला नळी जोडून रक्तदाबाचा आलेख फिरत्या कागदावर उमटवला. क्लोरोफॉर्मनं रक्तदाब घसरतो, हे स्पष्ट दिसलं. पण कमिशनचं म्हणणं पडलं की, ही घसरण धोक्याची नाही. उलट रक्त मंदावल्यानं औषध शरीरात कमी पोहोचतं, म्हणजे तो बचावच आहे. विरोधी मत घेऊन आलेले ब्रंटनही हे मानून गेले.

विषय संपला असं लॉरींना वाटलं, पण तो संपला नव्हता. १८९३ मध्ये केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोर यांनी प्राण्यांवरच दाखवलं की, क्लोरोफॉर्म थेट हृदयालाच कमजोर करतं आणि रक्तदाब त्यामुळे पडतो. तरी १९०१ च्या आपल्या पुस्तकातही लॉरी श्वासावरच ठाम राहिले.

खरी मेख १९११ मध्ये सापडली. गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग केले तेव्हा दिसलं की, भूल हलकी असताना ॲड्रिनॅलिन वाढलं तर हृदय नुसतं थरथरतं आणि रक्त ढकलणंच थांबवतं. घाबरलेल्या माणसाच्या अंगात हेच ॲड्रिनॅलिन उसळतं. हैदराबादच्या प्रयोगांत बहुतेक जनावरांना भूल वाढवत वाढवत मरणापर्यंत नेलं होतं. तिथे श्वास आधी थांबायचा, हे खरंच होतं. पण ऑपरेशनच्या टेबलावर अचानक दगावणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी होती.

१९१५ मध्ये लॉरी गेले. शेकडो जनावरं खर्ची पडली, आलेखही खोटे नव्हते. चुकला होता तो प्रश्न. श्वास की नाडी, असं विचारण्याऐवजी दोन्ही बघायला हवं होतं.