गुलामांच्या बाजारापासून दौलताबादेपर्यंत : मलिक अंबर



आपल्या पाथरीचे नाव इतिहासाच्या पुस्तकात निजामशाहीच्या पहिल्याच पानावर येते, हे आपणांपैकी किती जणांना ठाऊक आहे? फेरिश्ता या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, या घराण्याचा मूळ पुरुष पाथरीच्या कुलकर्णी घराण्यातला तिमाभट. विजयनगरच्या स्वारीत तो बहमनी फौजेच्या हाती कैदी म्हणून सापडला. बिदरला त्याचा मलिक हसन झाला, शहजाद्याबरोबर फारसी शिकला आणि पुढे बहमनी राज्याच्या वजीरपदापर्यंत चढला. त्याच्या मुलाने अहमदनगरची गादी स्थापन केली. नातू बुऱ्हाण निजामशहाला आजोबांच्या गावाची इतकी ओढ, की वऱ्हाडच्या इमादशहाने पाथरी सोडण्यास नकार देताच १५१८ साली त्याने ती लढून घेतली.

परंतु आज मला तुम्हाला सांगायची आहे ती दुसऱ्याच एका कैद्याची हकिकत. पाथरीच्या या घराण्याचे राज्य बुडत असताना ज्याने ते पंचवीस वर्षे खांद्यावर तोलून धरले, तो या मातीतला तर नव्हताच, या खंडातलाही नव्हता.

त्याचे पाळण्यातले नाव चापू. जन्म हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, सुमारे १५४८ साली. लहानपणीच तो विकला गेला. तांबड्या समुद्रावरचे मोखा बंदर, मग बगदाद. एका धन्याकडून दुसऱ्याकडे, जशी गुरे बाजारात हात बदलतात तसा. आपल्या घरातला आठ-दहा वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे या एका वाक्यात काय भरले आहे ते कळेल.

बगदादचा मीर कासिम हा धनी मात्र पारखी निघाला. पोरगा तल्लख आहे हे ओळखून त्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवले, हिशेब-ठिशेब आणि कारभार शिकवला, आणि अंबर हे नाव दिले. पालकांनो, येथे क्षणभर थांबा. त्या मुलाकडे घर नव्हते, आईबाप नव्हते, स्वतःचा देहसुद्धा स्वतःचा नव्हता. पण जी तालीम पदरात पडली ती पुढे कोणत्याही बाजारात कोणाला विकत घेता आली नाही.

१५७० नंतरच्या काही वर्षांत तो दख्खनेत आला. अहमदनगरचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही हबशी, आणि तोही पूर्वी गुलामच. त्याच्या हाताखाली अंबर राज्यकारभार जवळून पाहू लागला. चार-पाच वर्षांतच चंगेजखान मरण पावला. त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. मुक्त तर झाला, पण हातात काय? ना जहागीर, ना वशिला. विजापूरच्या चाकरीत त्याने वर्षांमागून वर्षे काढली. मलिक ही पदवी तेथेच मिळाली. १५९५ च्या सुमारास तो निजामशाहीत परतला, तेव्हा त्याच्या हाताखाली अवघे दीडशे स्वार होते आणि वय सत्तेचाळीसच्या घरात. चाळिशीत माणूस आयुष्य संपले म्हणतो. याचे खरे आयुष्य अद्याप सुरू व्हायचे होते.

१६०० साली चांदबिबी मारली गेली, अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, सुलतान कैद झाला. राज्य संपले असे सर्वांनी धरले. अंबरने राजघराण्यातला एक मुलगा शोधून काढला, परांड्याला त्याला दुसरा मुर्तजा म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. दोनच वर्षांनी आपल्या शेजारच्या नांदेडजवळ मोगलांशी झालेल्या लढाईत तो जबर जखमी झाला, तह करावा लागला. बरा झाला आणि पुन्हा उभा राहिला.

त्याची लढण्याची रीत गनिमी काव्याची. मोगलांच्या अवजड तोफखान्यासमोर मैदानात उभे राहायचे नाही, रसद तोडायची, डोंगरात ओढायचे. मराठा स्वार हा त्याच्या फौजेचा कणा होता. १६१० मध्ये दौलताबाद राजधानी झाली आणि जवळच त्याने खडकी हे शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले, आजचे छत्रपती संभाजीनगर. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या मार्गाने आणि नळांनी शहरात खेळवले, ती नहर-ए-अंबरी. जमिनीची मोजणी आणि प्रतवारी करून सारा ठरवला, महसुलाचे मक्ते बंद केले. रयतेने त्याचे नाव धरून ठेवले ते लढायांपेक्षा या कामासाठी, असे मला वाटते.

एक डागही सांगितला पाहिजे. त्याच १६१० साली मुर्तजाचा मृत्यू झाला, आणि अंबरनेच त्याला विष देवविले असे त्या काळच्या परदेशी व्यापाऱ्याने नोंदवले आहे. मुलीचा राजवाड्यात अपमान झाला होता, असे कारण देतात. थोर माणसाचे चरित्र सांगताना असले पान फाडून टाकणे मला तरी योग्य वाटत नाही.

१६१६ साली जालन्याजवळ रोषणगावला त्याचा मोठा पराभव झाला. त्याआधी त्याचे कित्येक सरदार मोगलांना जाऊन मिळाले होते. मोगलांनी खडकी जाळून उद्ध्वस्त केली. साठी ओलांडलेल्या माणसाने आपल्या हातांनी वसवलेले शहर राख झालेले पाहिले, ते पुन्हा उभारले. जहांगीर बादशहाने तर त्याच्या तोडलेल्या शिरावर आपण बाण मारीत आहोत असे चित्र काढून घेतले होते. चित्रातच, प्रत्यक्षात ते शीर बादशहाच्या हाती कधीच लागले नाही.

१६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि विजापूर यांच्या एकवटलेल्या फौजा त्याच्यावर आल्या. तलावाचे पाणी सोडून त्याने शत्रूच्या छावणीत चिखल केला, रात्रीच्या छाप्यांनी त्यांना हैराण केले आणि निर्णायक विजय मिळवला. शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. अंबरचे वय तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे.

मे १६२६ मध्ये तो वारला. मोगल दरबारच्या मुतमदखानाने, म्हणजे शत्रूच्याच इतिहासकाराने, त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची तोंड भरून वाखाणणी केली आहे, आणि गुलाम असूनही तो अखेरपर्यंत मानाने जगला हेही नोंदवले आहे. त्याच्यामागे निजामशाही दहाच वर्षे टिकली.

शाळेची सहल वेरूळला जाईल तेव्हा गुरुजींना सांगून वाट थोडी वाकडी करा. खुलदाबादेत, जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्यापासून जवळच, त्याचा घुमट उभा आहे, आणि शेजारी त्याची पत्नी बीबी करीमा हिचा.